देवकण पुरे, आता जवसाच्या तेलाविषयी छापा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जिनिव्हाजवळच्या कण-टकरींच्या यंत्राची, म्हणजे लार्ज हेड्रॉन कोलायडरची बातमी मराठी वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. तिचे साचे तीनच: देवकण सापडला, विश्वाची उत्पत्ती पुन्हा घडवली, नाहीतर पृथ्वी कृष्णविवरात जाणार. सोबत एका अजस्र गोल यंत्राचे रंगीत छायाचित्र असते आणि त्याखाली ‘याच यंत्रात प्रोटॉन फिरवले जातात’ अशी ओळ. ती ओळ चुकीची आहे. छायाचित्रात असतो तो बहुतेक वेळा सीएमएस किंवा ॲटलास हा डिटेक्टर, म्हणजे टकरींतून निघालेले कण टिपणारे यंत्र. प्रोटॉन ज्या नळीतून धावतात ती त्याच्या पोटातून जाते, मनगटाएवढ्या जाडीची. फिरवणारे यंत्र निराळे, पाहणारे निराळे. पाहणाऱ्या यंत्राविषयी आपल्याकडे कधीच छापून येत नाही, ही आमची तक्रार आहे. बेळगावच्या वाचकाला तर तेच सगळ्यांत लवकर कळेल. उद्यमबागेत कास्टिंग ओतणारे, फ्रिज आणि मोटारीचे एसी दुरुस्त करणारे, हेस्कॉमचे लाइनमन, फर्निचर करणारे सुतार यांच्या रोजच्या हाताखालच्या वस्तू त्या डिटेक्टरमध्ये आहेत. जवसाचे तेलसुद्धा.

छापील चुका आधी उरकून घेऊ. ‘देवकण’ हे नाव एका इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातून पसरले. त्या क्षेत्रातली माणसे हिग्ज बोसॉन म्हणतात, आणि त्यातला ‘बोसॉन’ सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावावरून आलेला असल्याने देवापेक्षा आपल्या माणसाचा मान त्यात जास्त आहे. ‘प्रकाशाच्या वेगाने’ हेही बरोबर नाही. ६.८ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन प्रकाशाच्या मागे सेकंदाला सुमारे ३ मीटर पडतो. रमतगमत सायकल चालवण्याचा वेग एवढाच असतो. राहिले कृष्णविवर. कोलायडरमधल्या टकरीएवढी धडक वातावरणातल्या जागच्या जागी असलेल्या प्रोटॉनला द्यायची, तर वरून येणाऱ्या कणाची ऊर्जा १० चा १७ वा घात इलेक्ट्रॉनव्होल्ट लागते. १९९१ साली याच्या तीन हजार पट ऊर्जेचा वैश्विक कण नोंदला गेला. असा मारा पृथ्वी साडेचार अब्ज वर्षे सोसते आहे. उद्यमबागेत ब्लॅक होलपेक्षा ब्लो होलची, म्हणजे कास्टिंगमध्ये राहणाऱ्या पोकळीची धास्ती अधिक, आणि ती रास्त आहे.

खरी भीती बाळगायची तर झोतातल्या ऊर्जेची. २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात एका दिशेने २,८०८ पुंजके आणि प्रत्येक पुंजक्यात सुमारे ११,५०० कोटी प्रोटॉन, असा मूळ आराखडा होता. या सगळ्यांचे मिळून वजन अर्धा नॅनोग्रॅम, आणि त्यातली ऊर्जा ३६२ मेगाज्यूल. विजेच्या बिलाच्या भाषेत ही १०० युनिट झाली. एखादे लहान कुटुंब ती महिनाभर वापरते. काही बिघडले तर ही १०० युनिट यंत्राला एका फेरीत, म्हणजे ८९ मायक्रोसेकंदांत, बाहेर काढून ग्रॅफाइटच्या ठोकळ्यात जिरवावी लागतात. झोत चुकून डिटेक्टरवर गेला तर दुरुस्तीला काही उरणार नाही. म्हणून झोताच्या जवळ हिऱ्याचे छोटे संवेदक बसवलेले असतात. प्रमाणाबाहेर कण आदळू लागले की तेच झोत काढून टाकायचा इशारा देतात.

मोठ्या यंत्राचे घोडे कुठे अडते, हे २००८ साली दिसले. १० सप्टेंबरला पहिला झोत फिरला आणि १९ सप्टेंबरला यंत्र बंद पडले, ते पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत. कारण एक जोड. वाकवणाऱ्या चुंबकांना (ते १,२३२ आहेत, प्रत्येकी १५ मीटर लांब आणि ३५ टन वजनाचे) वीज पुरवणाऱ्या बसबारचा एक सोल्डर केलेला जोड नीट बसलेला नव्हता. चांगल्या जोडाचा विरोध तिथे एका नॅनोओहमच्याही खाली असतो, याचा सुमारे २२० होता. ७,००० अँपिअरला या जोडात ११ वॅटच्या आसपास उष्णता तयार होत होती. घरातला लहान एलईडी बल्ब एवढी वीज खातो. पण उणे २७१ अंशांवरच्या हेलियममध्ये ११ वॅट हे फार मोठे ओझे आहे. प्रवाह ८,७०० अँपिअरपर्यंत गेला तेव्हा तार अतिवाहक (विरोधाविना वीज वाहणारी) राहिली नाही, जोड वितळला, ठिणगी पडली आणि हेलियमच्या वेष्टनाला भोक पडले. द्रव हेलियमचा वायू होऊन तो पसरला, त्या दाबाने चुंबक पायांवरून सरकले. सुमारे ६ टन हेलियम गेला आणि ५३ चुंबक वर काढून दुरुस्त करावे किंवा बदलावे लागले. शेतातल्या मोटारपंपाच्या स्टार्टरमध्ये सैल जोड काळा पडलेला ज्याने पाहिला आहे, त्याला यात नवे काही नाही. नवा तो फक्त आकडा.

आता डिटेक्टर. उदाहरणाला सीएमएस घेऊ: २१ मीटर लांब, १५ मीटर व्यास, १४,००० टन. तो फ्रान्समधल्या सेसी गावी जमिनीवर जोडला आणि १५ तुकड्यांत शंभर मीटर खोल विवरात उतरवला. सर्वांत जड तुकडा सुमारे २,००० टनांचा होता, तो फेब्रुवारी २००७ मध्ये खाली गेला.

टकरीच्या जागेपासून बाहेर निघालो की पहिली भिंत नळीचीच. ती बेरिलियमची, जेमतेम ०.८ मिलिमीटर जाड. बेरिलियम महाग, त्याची धूळ विषारी, तरीही तेच वापरतात, कारण त्याचा अणू हलका असतो. पोलादाची नळी घातली तर बाहेर पडणारे कण पहिल्याच भिंतीत विखुरतील आणि पुढची सगळी मोजणी वाया जाईल. त्यापलीकडे सिलिकॉनचे थर, एकूण सुमारे २०० चौरस मीटर. आतले थर चौकटीचौकटींचे, २०१७ पासून अशा १२ कोटींहून जास्त चौकटी आहेत; बाहेरचे थर पट्ट्यापट्ट्यांचे. विद्युतभारित कण प्रत्येक थरात एक खूण सोडून जातो. खुणा जोडल्या की वाट मिळते. बाहेरून ३.८ टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र असल्याने वाट वाकते, आणि वाकण्यावरून संवेग काढता येतो.

गणित सोपे आहे, अकरावी-बारावीच्या मुलांनी करून पाहावे. वक्रतेची त्रिज्या मीटरमध्ये काढायची तर गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टमधला आडवा संवेग ०.३ गुणिले ३.८ ने भागा. संवेग १ असेल तर त्रिज्या ८८ सेंटिमीटर, म्हणजे वाट वर्तुळासारखी वळते. संवेग १०० असेल तर त्रिज्या ८८ मीटर होते, आणि ११० सेंटिमीटरच्या प्रवासात ती वाट सरळ रेषेपासून मधोमध जेमतेम १.७ मिलिमीटर ढळते. हे १.७ मिलिमीटर एका टक्क्याच्या चुकीने मोजायचे तर १७ मायक्रॉन हातात राहतात. केसाची जाडी याच्या तीन-चार पट असते. म्हणून सिलिकॉनची प्रत्येक पाटी कुठे आहे हे मायक्रॉनच्या हिशेबात ठाऊक असावे लागते. चुंबक चालू-बंद झाला, तापमान बदलले की पाट्या हलतात, आणि पुन्हा लाखो वाटा घेऊन जुळणी करावी लागते. लेथवर दोन-चार मायक्रॉनसाठी भांडणाऱ्या आपल्या टर्नरमंडळींना हे दुःख कुणी समजावून सांगायला नको.

सिलिकॉननंतर येतात शिसे-टंगस्टेटचे स्फटिक, ७५,८४८. हातात घेतला तर काचेसारखा पारदर्शक, पण वजनाने निम्म्याहून कितीतरी जास्त धातूच. घनता पाण्याच्या आठपट. इलेक्ट्रॉन किंवा फोटॉन (प्रकाशाचा कण) यात शिरला की कणांची सर फुटते आणि स्फटिक उजळतो. उजेड जितका, तितकी ऊर्जा. वाईट सवय अशी की एक अंश सेल्सिअस वाढले की उजेड सुमारे दोन टक्क्यांनी घटतो. चूक ठेवायची असते अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तेव्हा तापमान १८ अंशांवर ०.०५ अंशांच्या आत धरून ठेवतात. दुसरी सवय, किरणोत्साराने स्फटिक काळसर पडतात आणि झोत थांबला की थोडे निवळतात. त्यामुळे लेसरचा ठोका सतत सोडून प्रत्येक स्फटिकाची पारदर्शकता तपासत राहावी लागते. हिग्ज बोसॉन दोन फोटॉनमध्ये फुटतो, त्याचा आलेखावरचा शिखरबिंदू १२५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टला दिसला तो या स्फटिकांमुळे. लेसरची दुरुस्ती लावली नसती तर ते शिखर पसरट होऊन गाळात बुडाले असते.

त्यापुढे पितळ आणि प्लास्टिक सिंटिलेटरचे (कण गेला की उजळणाऱ्या प्लास्टिकचे) एकाआड एक थर. यातल्या पितळाचा काही भाग रशियन नौदलाच्या जुन्या तोफगोळ्यांच्या कवचांचा आहे. भंगार वितळवून चांगले काम करणे हा काही फक्त आपल्याकडचा उद्योग नाही. मग अतिवाहक चुंबक, आणि त्याच्या बाहेर प्लास्टिकचा आणखी एक थर. हा थर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारला. चुंबकापर्यंत न जिरलेली कणांची शेपटी तो पकडतो. त्याला आधी जे प्रकाशसंवेदक लावले होते ते चुंबकाच्या बाहेरच्या विस्कळीत क्षेत्रात आपोआप ठिणग्या टाकत आणि खोटा आवाज करत. २०१३-१४ च्या बंद काळात ते काढून सिलिकॉनचे संवेदक बसवले. सरळ चुंबकीय क्षेत्रात उपकरण चालले म्हणजे वाकड्या क्षेत्रातही चालेल असे नाही, हा धडा तेथे मिळाला.

आता जवस. सर्वांत बाहेर म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, जाड लोखंडातूनही पार होणारा) पकडणारे थर आहेत, आणि त्यात एक प्रकार रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर, बोलण्यात आरपीसी. दोन बेकेलाइटच्या पाट्या, मध्ये २ मिलिमीटरची फट, फटीत वायू, पाट्यांवर सुमारे साडेनऊ हजार व्होल्ट. बेकेलाइट म्हणजे जुन्या काळ्या स्विचांचे आणि कुकरच्या मुठींचे तेच. म्यूऑन गेला की वायूत इलेक्ट्रॉनांची दरड कोसळते आणि बाहेरच्या तांब्याच्या पट्टीवर ठोका उमटतो. वेळ एक-दोन नॅनोसेकंदांपर्यंत अचूक मिळते. वायूचे मिश्रण असे: आर-१३४ए ९५.२ टक्के, आयसोब्युटेन ४.५ टक्के, सल्फर हेक्साफ्लोराइड ०.३ टक्का. पहिला मोटारीच्या एसीत भरतात तो. दुसरा नव्या घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए नावाने असतो. तिसरा सबस्टेशनच्या ब्रेकरमध्ये. पहिल्यातून इलेक्ट्रॉन निघतात, दुसरा अतिनील प्रकाश गिळतो म्हणजे ठिणगी शेजारी पसरत नाही, तिसरा जादा इलेक्ट्रॉन ओढून घेतो म्हणजे दरडीचा लोंढा होत नाही.

बेकेलाइटची पाटी डोळ्यांना गुळगुळीत दिसते, पण तिच्यावर बारीक उंचवटे असतात. साडेनऊ हजार व्होल्टला प्रत्येक उंचवटा ठिणगीचे टोक होतो. म्हणून आतल्या बाजूला जवसाच्या (आपले कन्नड शेजारी त्याला अगसी म्हणतात) तेलाचा काही मायक्रॉनचा लेप देतात. तेल द्रावकाने पातळ करून फटीत भरायचे, सावकाश उतरवून काढायचे आणि हवा खेळवत सुकवायचे. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, त्याची साय धरते. सुतार लाकडाला पॉलिशआधी लावतात ते याच गुणासाठी. शेंगतेल किंवा करडईचे तेल इथे चालणार नाही, ते तसे कडक वाळत नाही.

पण हा लेप पुरता वाळला नाही तर काय होते, याचे उदाहरण कॅलिफोर्नियातल्या बाबार या प्रयोगात घडले. १९९९ च्या उन्हाळ्यात लोखंडाच्या थरांमधले तापमान ३० अंशांच्या वर गेले. बेळगावच्या एप्रिलपुढे हे काहीच नाही, पण न वाळलेल्या तेलाला तेवढे पुरले. तेल सैल झाले, विद्युतक्षेत्राने त्याचे थेंब ओढले आणि काही जागी त्यांचे खांब होऊन दोन्ही पाट्या जोडल्या गेल्या. विनाकारण वाहणारा प्रवाह वाढला, म्यूऑन निसटू लागले. नंतर तापमान खाली आणले तरी गेलेली कार्यक्षमता परत आली नाही, आणि २००४ ते २००६ या काळात मधल्या भागातले आरपीसी काढून वेगळ्या जातीच्या नळ्या घालाव्या लागल्या. पुढच्या प्रयोगांनी यावरून लेप पातळ केला आणि सुकवण्याला वेळ दिला. आरपीसीची आणखी एक खोड म्हणजे अगदी कोरडा वायू सतत फिरवला तर बेकेलाइट सुकून त्याचा विरोध वाढत जातो. म्हणून वायूत मुद्दाम सुमारे ४० टक्के आर्द्रता ठेवतात. फार ओलावा झाला तर बाहेरच्या जोडांवरून वीज गळते. खानापूर-जांबोटीच्या पावसात मीटरच्या पेटीत काय होते, ते तिकडच्या लोकांना विचारा.

या वायूचे आणखी दोन त्रास आहेत. ठिणगीत आर-१३४ए तुटून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते, ते पाटी कुरतडते. त्यामुळे वायू गाळून मगच परत फिरवावा लागतो. दुसरे म्हणजे हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पट तापमानवाढ करतो, आणि प्लास्टिकच्या नळ्यांचे जोड तडकून तो गळतो. विवरात आत दडलेला तडा शोधायला वर्षानुवर्षे गेली आहेत. पर्यायी वायूंची चाचणी चालू आहे. मोटारींच्या एसीतही हाच बदल चालू आहे, त्यामुळे आपल्या गॅरेजवाल्यांना ही अडचण जिनिव्हाच्या बरोबरीने कळेल. या आरपीसीपैकी एका थराची काही चेंबर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात जोडली गेली. याच डिटेक्टरच्या दुसऱ्या एका भागातल्या सिलिकॉनच्या पाट्या बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार झाल्या. वर सांगितलेले ३५ टनांचे चुंबक ज्या जॅकवर टेकले आहेत ते इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राने पुरवले, सुमारे सात हजार. हायड्रॉलिक सिलिंडर करणाऱ्या गावात हे निदान एकदा तरी छापून यायला हवे होते.

बिघाडांची यादी लांबवता येईल, पण दोन सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१५ साली सीएमएसच्या हेलियम थंड करणाऱ्या यंत्रणेत कॉम्प्रेसरचे तेल शिरले आणि गाळण्या तुंबल्या. चुंबक वारंवार बंद करावा लागला, काही टकरी चुंबकाविना नोंदवाव्या लागल्या. चुंबक नाही म्हणजे वाट वाकत नाही, म्हणजे संवेग नाही. दुसरा २०१७ चा. सिलिकॉनच्या आतल्या थरांना वीज देणाऱ्या छोट्या कन्व्हर्टर चिप एकामागून एक मरू लागल्या. शोध घेतला तेव्हा कळले की किरणोत्सार खाल्लेली चिप चालू असताना ठणठणीत राहते. अडकलेला थर मोकळा करण्यासाठी तिला बंद करून पुन्हा चालू केले की आतला ट्रान्झिस्टर गळतीच्या विजेने फुटतो. बंद-चालू करून पाहा, हा जगातला सर्वांत जुना उपायच तिथे जीवावर उठला. त्या हिवाळ्यात सगळ्या चिप बदलल्या.

एवढे करून जे मिळते त्यातले जवळजवळ सगळे फेकून देतात, हे बातम्यांत येत नाही. पुंजके सेकंदाला ४ कोटी वेळा एकमेकांतून जातात, आणि प्रत्येक वेळी पन्नासच्या आसपास टकरी होतात. एका वेळची नोंद सुमारे एक मेगाबाइट धरली तर सेकंदाला ४० टेराबाइट झाले. एवढे साठवायला जागा कुठून आणणार? त्यामुळे पहिली पाखडणी सर्किटांतच, चार मायक्रोसेकंदांच्या आत होते, तीत ४ कोटींचे १ लाख राहतात. दुसरी संगणकांत, ती १ लाखाचे हजार-दोन हजार करते. सूप कुणाच्या हातात आहे यावर कोंड्याबरोबर दाणे जातात की नाही ते ठरते. हिग्ज बोसॉन सुमारे दीड अब्ज टकरींत एकदा तयार होतो आणि दोन फोटॉनमध्ये फुटणारा हजारात दोन-तीन. पाखडणीचा नियम चुकला तर तो कायमचा गेला, नंतर कुणीही रडून उपयोग नाही. आणि ४ जुलै २०१२ ला जाहीर झालेला ‘५ सिग्मा’ म्हणजे ‘हिग्ज असण्याची ९९.९९ टक्के शक्यता’ नव्हे. हिग्ज नसताना नुसत्या योगायोगाने असा किंवा याहून ठळक उंचवटा दिसण्याची शक्यता ३५ लाखांत एक, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही वाक्ये सारखी वाटतात, पण ती तशी नाहीत, आणि उपसंपादकांनी हे कात्रण टेबलाच्या काचेखाली ठेवावे अशी विनंती आहे.

‘संसूचक’ हा पाठ्यपुस्तकी शब्द आम्ही मुद्दाम टाळला आहे. डिटेक्टर म्हटलेले निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळ्यांना कळते.

हे सगळे परदेशातले, आपल्याला काय त्याचे, असे म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. आपल्याच राज्यातल्या कोलार सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली २.३ किलोमीटरवर, १९६५ साली वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या (क्वचितच कशाला धडकणाऱ्या बिनभाराच्या कणांच्या) खुणा जगात पहिल्या-पहिल्यांदा नोंदल्या गेल्या. टाटा संस्था, ओसाका आणि डरहॅम इथल्या मंडळींचे ते काम, एम. जी. के. मेनन आणि बी. व्ही. श्रीकंतन त्यात होते. साहित्य मुख्यतः प्लास्टिक सिंटिलेटर आणि निऑनच्या नळ्या. एवढ्या खोल जाण्याचे कारण वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारे म्यूऑन. वर ते तळहातावर मिनिटाला शंभरएक पडतात, तिथे खडक त्यांना जवळजवळ सगळे गाळून टाकतो.

आणि हेच म्यूऑन बेळगावात फुकट आहेत. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनांत थर्माकोलचा गोल, त्यावर धावणारे लाल-निळे दिवे असा ‘कोलायडर’ मांडलेला दिसतो. त्यातून कळते ते दिव्यांचे सर्किट. त्याऐवजी क्लाउड चेंबर करावे. १९३२ साली पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार) सापडला तो असल्याच उपकरणाच्या थोरल्या भावात.

साहित्य: ३० बाय २० सेंटिमीटरची काचेची माशांची पेटी, तेवढ्याच मापाचा २-३ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमचा पत्रा काळा रंगवून, जाड फेल्टची पट्टी, ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल ४० मिलिलिटर, तीन किलो कोरडा बर्फ, थर्माकोलचा ट्रे, एक झगझगीत एलईडी टॉर्च. फेल्ट पेटीच्या तळाला आतून चारी कडांना तारेने बांधायचा. रबरी गोंद वापरू नये, अल्कोहोलमध्ये तो सुटतो. फेल्ट भिजवायचा, पेटी पालथी घालून पत्र्यावर ठेवायची, कडा मातीच्या लगद्याने किंवा टेपने बंद करायच्या. कोरडा बर्फ कुटून ट्रेमध्ये सपाट पसरायचा आणि पत्रा त्यावर दाबून ठेवायचा. टॉर्च बाजूने, पत्र्याला जवळजवळ समांतर. खोलीत अंधार. दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. आधी नुसती बारीक भुरभुर दिसेल, मग तळाच्या सेंटिमीटरभर थरात धुराचे धागे उमटू लागतील.

लांब, बारीक, सरळ धागा म्यूऑनचा. वेडावाकडा, गुंता होणारा इलेक्ट्रॉनचा. आखूड आणि जाड, पेन्सिलीच्या रेघेसारखा अल्फा कणाचा, तो हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूतून येतो.

फसते ते बहुधा पाच कारणांनी. अल्कोहोल ७० टक्क्यांचे, म्हणजे हात पुसायचे घेतले तर पाणी आड येते आणि धागे दिसत नाहीत. बर्फाचा मोठा खडा ठेवला तर पत्रा दोन-तीन ठिकाणीच टेकतो. कुटून, वर थोडे अल्कोहोल शिंपडून पत्रा पूर्ण बसवावा. कडेला फट राहिली तर आतली हवा भोवऱ्यासारखी फिरते. टॉर्च वरून मारला तर काळ्या पत्र्याची चकाकी दिसते, धागे नाहीत. पाचवे कारण मुलांना सुचत नाही: जुने आयन साचून सगळीकडे धुके होते. प्लास्टिकची पट्टी लोकरीवर घासून पेटीवर धरली की धुके निवळते.

कोरडा बर्फ उणे ७८ अंशांचा असतो, उघड्या हाताने धरला तर कातडे जळते. जाड हातमोजे हवेत. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण त्याचा कार्बन डायऑक्साइड खाली साचतो. बाटलीत घालून बूच लावू नये, ती फुटते. अल्कोहोलजवळ निरांजनही नको, म्हणजे उद्घाटनाचे दीपप्रज्वलन दुसऱ्या टेबलावर. बर्फ आदल्या दिवशी आणून ठेवू नये. थर्माकोलच्या पेटीतही तो रात्रभरात बराच उडतो. गॅसबत्तीच्या जुन्या जाळीत थोरियम असे, ती आत ठेवली की अल्फाचा पाऊस दिसतो हे खरे, पण तिची पूड नाकात जाऊ शकते. शाळेत ती आणू नये, रेडॉन पुरेसा आहे.

या पेटीवर मिनिटाला सहाशेएक म्यूऑन पडतात, तरी दिसतात थोडेच. कारण धागे उमटणारा थर सेंटिमीटरभरच जाड आहे, सरळ वरून आलेला म्यूऑन त्यात ठिपक्याएवढी खूण करतो, आणि डोळ्यात भरतात ते तिरपे आलेले. त्या मुलांना परीक्षकांनी ‘याचा समाजाला काय उपयोग’ हा ठरलेला प्रश्न विचारण्याऐवजी हे विचारावे: दहा मिनिटांत पाच सेंटिमीटरपेक्षा लांब किती रेषा मोजल्या, त्यातल्या वाकड्या किती, आणि पेटी आडवीची उभी केली असती तर आकडा वाढला असता की कमी झाला असता.

आपले,
भौतिकशास्त्राचे काही शिक्षक,
बेळगाव